पऱ्हाटीतून शिकागोला

२०२३च्या फेब्रुवारीत सुट्टीवर आलेल्या भाच्यानं मला ओढतच वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत नेलं. तिथं २०११पासून महिंद्रा ब्लूज फेस्टिवल भरतो, हे मला ठाऊकही नव्हतं. ब्लूज म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या लोकांचं गाणं, कापसाच्या मळ्यांवरून आलेलं. त्या वर्षी शहाऐंशी वर्षांचे ब्लूज गवई बडी गाय आले होते आणि किंगफिश या नावानं ओळखला जाणारा क्रिस्टोन इन्ग्राम हा चोवीस वर्षांचा धिप्पाड मुलगाही. शब्द निम्मेअर्धे डोक्यावरून गेले. पण त्या मुलानं गिटारची एक तार ओढून असा काही गंधार लावला की तो ना धड कोमल ना धड शुद्ध, आणि मी खुर्चीत सरळ झाले. बाहेर पडल्यावर भाचा म्हणाला, "मावशी, हा मिसिसिपी राज्यातल्या क्लार्क्सडेलचा. तिथं मैलोनमैल फक्त कापूस असतो."

माझं माहेर खामगावजवळचं. कापूस म्हटलं की माझे कान टवकारतात. शिवाय अमेरिकेचा कापूस आणि आमचा कापूस एकमेकांना अगदीच अनोळखी नाहीत. १८६१ साली तिकडं यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेतला कापूस इंग्लंडला पोचेना, तेव्हा मँचेस्टरच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे तोंड वळवलं. १८७० साली खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला तो या पांढऱ्या सोन्यासाठीच. तेव्हा २०२४च्या ऑक्टोबरात, वेचणीच्या दिवसांत, ब्लूजच्या त्या मुलखात जायचं ठरलं. भाचा शिकागोत नोकरी करतो. गाडी चालवणं त्याच्याकडे, प्रश्न विचारणं माझ्याकडे.

पहिला दिवस: मेम्फिस

विमानतळावरून थेट सन स्टुडिओ, ७०६ युनियन अव्हेन्यू. रेकॉर्डिंगची खोली आमच्या वाड्याच्या ओसरीपेक्षा फार मोठी नसेल. सॅम फिलिप्स या माणसानं १९५० साली हे दुकान उघडलं. बहुतेक लोक इथं रॉक अँड रोलवाल्या एल्विस प्रेस्लीसाठी येतात. गाईडबाईही एल्विसपाशी येईपर्यंत घाईत होत्या. पण एल्विसच्या आधी इथं बी. बी. किंग आणि हाउलिन वुल्फ हे ब्लूज गवई गाऊन गेले होते.

मला आवडली ती मोडक्या ॲम्प्लिफायरची गोष्ट. १९५१च्या मार्चमध्ये आइक टर्नर हा एकोणीस वर्षांचा पोरगा आपला ताफा घेऊन क्लार्क्सडेलहून निघाला. वाटेत ॲम्प्लिफायरचा भोंगा फाटला. दुसरा आणायला पैसे नव्हते. मग फिलिप्सनं त्यात कागदाचे बोळे कोंबले आणि तसंच ध्वनिमुद्रण केलं. तो खरखरता, फाटका आवाज लोकांना इतका भावला की 'रॉकेट ८८' हे ते गाणं रॉक अँड रोलच्या पहिल्या गाण्यांत गणलं जातं. आज तसाच आवाज काढायला गिटारला जोडायच्या पेडल नावाच्या उपकरणावर पैसे मोजावे लागतात, असं भाचा म्हणाला. त्यानं स्वतः मोजलेले आहेत.

तिथून साउथ मेन स्ट्रीटवरचं ब्लूज हॉल ऑफ फेम. १९८०मध्ये स्थापन झालेल्या ब्लूज फाउंडेशननं हे संग्रहालय २०१५ साली उघडलं. दारात लिटल मिल्टन या गवयाचा ब्राँझचा पुतळा, आत कोट, गिटारी आणि कानाला लावायचे हेडफोन. तासाभरात पाहून होतं. खरं तर माझे पाय तिथून दोन मिनिटांवरच्या लोरेन मोटेलपाशी अडकले. ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांना इथं गोळी लागली. मेम्फिसच्या सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा द्यायला ते आले होते. ३०६ नंबरच्या खोलीबाहेरच्या कठड्यावर पुष्पचक्र आहे आणि खाली त्या काळच्या मोटारी उभ्या आहेत. आता हे नागरी हक्कांचं संग्रहालय आहे, पण आम्ही गेलो तो त्यांचा सुट्टीचा वार निघाला. अंगणातून वर बघत राहिलो. कोणी बोलत नव्हतं.

संध्याकाळी बील स्ट्रीट, ब्लूजसाठी नावाजलेला रस्ता. इथं माझी निराशा झाली, हे कबूल करते. निऑनच्या पाट्या, प्लॅस्टिकच्या पेल्यांतली बिअर, प्रत्येक दारातून वेगळं गाणं, आणि सगळ्यांचा मिळून एक कालवा. डब्ल्यू. सी. हँडी यांचा पुतळा बागेत उभा आहे. १९१२ साली त्यांनी 'मेम्फिस ब्लूज' छापून विकलं आणि तोवर शेतात, स्टेशनात भटकणाऱ्या या गाण्याला कागद मिळाला. साठ-सत्तरच्या दशकांत शहर सुधारणेच्या नावाखाली या रस्त्याच्या आजूबाजूची वस्ती पाडली गेली. १९८३नंतर पुन्हा उभा राहिला तो हा रस्ता, पाहुण्यांसाठी मांडलेला. शेजार गेला आणि दुकानं तेवढी परत आली, असं काहीसं वाटतं. तरी एका कोपऱ्यात एक म्हातारा खुर्ची टाकून एकटाच वाजवत होता. त्याच्यासमोर आम्ही अर्धा तास उभे होतो.

बी. बी. किंगमधली ती दोन अक्षरंही इथलीच. डब्ल्यूडीआयए या रेडिओ स्टेशननं १९४८मध्ये कृष्णवर्णीय निवेदक आणि त्यांच्याच श्रोत्यांसाठीचे कार्यक्रम सुरू केले. मिसिसिपीतून आलेला रायली किंग तिथं एका टॉनिकची जाहिरात गात गात निवेदक झाला. 'बील स्ट्रीट ब्लूज बॉय'चं आखूड रूप म्हणजे बी. बी.

दुसरा दिवस: हायवे ६१, क्लार्क्सडेल

मेम्फिस सोडलं की हायवे ६१ दक्षिणेला सुटतो. ट्युनिकाचे जुगारअड्डे मागे टाकले आणि जमीन एकदम सपाट झाली. पोळपाटासारखी. याला डेल्टा म्हणतात खरं, पण नदीचं मुख इथून खूप दूर आहे. मिसिसिपी आणि याझू या दोन नद्यांच्या मधला हा गाळाचा पट्टा. माती बघायला मी गाडी थांबवायला लावली. काळी, चिकट, आमच्या कपाशीच्या रानासारखी.

आणि मग कापूस. पण ओळख पटेना. आमच्याकडे पऱ्हाटीला हिरवी पानं असतात, खालची बोंडं फुटलेली, वरची अजून मिटलेली, एखादं पिवळं फूल. बाया ओळीनं चालतात, कमरेला ओटी बांधलेली, एका शेतात तीन-चार वेचे होतात. पहिल्या वेच्याआधी सीतादहीची पूजा. इथं झाडांवर एक पान नव्हतं. यंत्रात पानं अडकू नयेत म्हणून आधी औषध मारून ती गाळतात. नुसत्या तपकिरी काड्या आणि त्यावर पांढरं. सगळी बोंडं एकदम फुटलेली. लांब एक हिरवं धूड चालत होतं आणि मागून गुलाबी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले प्रचंड गोल गठ्ठे टाकत होतं. क्षितिजापर्यंत माणूस एकच, यंत्राच्या काचेआड.

रस्त्याच्या कडेला काही बोंडं पडलेली होती. त्यातलं एक मी पर्समध्ये टाकलं. भाचा हसला.

दुपारी एका छोट्या खानावळीत जेवलो. मी शाकाहारी, त्यामुळे डेल्टात माझी पंचाईत. कॅटफिश हा मासा आणि टमाले, म्हणजे मक्याच्या पानात गुंडाळून शिजवलेलं मक्याचं पीठ आणि मांस, या दोन गोष्टींवर इथले लोक जीव टाकतात. भाचा दोन्हींवर तुटून पडला. मी हिरवी पालेभाजी बघून खूष झाले आणि दुसऱ्या घासाला डुकराचं हाडूक लागलं. शेवटी मक्याच्या पिठात घोळून तळलेल्या भेंडीनं तारलं. भेंडी इथं आली ती आफ्रिकेतून, गुलामांबरोबर.

डेल्टा ब्लूज म्युझियम १९१८ साली बांधलेल्या रेल्वेच्या मालधक्क्यात आहे. संस्था १९७९ची, गावच्या ग्रंथालयाच्या एका खोलीत सुरू झालेली. सगळ्यात आतल्या दालनात एक लाकडी खोपटं आणून ठेवलंय. स्टोवॉल नावाच्या मळ्यावर मडी वॉटर्स हा ब्लूज गवई राहत होता ते हे घर. मूळ नाव मॅकिन्ली मॉर्गनफिल्ड. ट्रॅक्टर चालवायचा, मळ्यावर काम करायचा, शनिवारी रात्री घरातच दारू विकून गाणं-बजावणं करायचा. १९४१च्या ऑगस्टमध्ये ॲलन लोमॅक्स आणि जॉन वर्क हे दोघे लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी लोकगीतं गोळा करत मळ्यावर आले आणि त्याचं गाणं मुद्रित केलं. पुढं त्याला टपालानं दोन तबकड्या आणि वीस डॉलरचा चेक आला. आपला आवाज आपल्याच कानांनी तबकडीतून ऐकल्यावर तो मळ्यावर टिकणं अवघडच होतं. ताशी साडेबावीस सेंट मिळत होते, पंचवीस मागितले, मुकादमानं नाही म्हटलं, आणि १९४३मध्ये त्यानं शिकागोची गाडी पकडली.

फळ्यांना मी हात लावून पाहणार होते. राखणदारानं नजरेनंच नको म्हटलं. याच घराच्या एका फळीपासून झीझी टॉप या रॉक बँडच्या बिली गिबन्सनं गिटार करवून घेतली, तीही इथंच आहे. तेव्हा काहींना हात लावायची परवानगी असते तर!

या घरातला माणूस काय शर्तीवर राहायचा, हे समजायला मला पाटी वाचावी लागली नाही. जमीन मालकाची, बियाणं मालकाचं, पीक अर्धं-अर्धं. आमच्याकडची बटई. वर्षभर किराणा मळ्याच्याच दुकानातून उधारीवर, आणि डिसेंबरात हिशेब. वही मालकाच्या हातात. बहुतेकांच्या नावावर काहीतरी बाकी निघायचीच, म्हणून पुढचं वर्षही तिथंच.

याच संग्रहालयात शाळकरी मुलांसाठी संगीताचे वर्ग चालतात. मेहबूब स्टुडिओतला तो किंगफिश इथंच शिकला. २०२२मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं त्या अल्बमचं नाव '६६२', म्हणजे या भागाचा टेलिफोन कोड. कोणी आपल्या अल्बमला '०७२६३' नाव देईल का, असा विचार करून मला हसू आलं. खामगावचा एसटीडी कोड तो.

हायवे ६१ आणि ४९ जिथं भेटतात तिथं खांबावर तीन निळ्या गिटारी लावल्यात. इथं मध्यरात्री रॉबर्ट जॉन्सन या ब्लूज गवयानं सैतानाला आत्मा विकला आणि बदल्यात वादन मिळवलं, अशी दंतकथा. आपल्याकडे कुणाला वेताळ प्रसन्न व्हावा तशी. गंमत म्हणजे सैतानाच्या सौद्याची ही गोष्ट आधी टॉमी जॉन्सन या दुसऱ्याच गवयाबद्दल सांगितली जायची. रॉबर्टला शिकवलं आइक झिमरमन नावाच्या माणसानं, आणि दोघे रियाजाला स्मशानात बसायचे, कारण तिथं कुणी तक्रार करत नाही. मला ही हकीकत सैतानापेक्षा जास्त पटते. ज्यांच्या शेजारी कुणी सनई शिकलंय त्यांना कळेल.

रात्री ग्राउंड झिरो ब्लूज क्लब. अभिनेता मॉर्गन फ्रीमन आणि त्याच्या मित्रांनी २००१मध्ये जुन्या गोदामात सुरू केलेला. भिंती सह्यांनी भरलेल्या, खुर्च्या एकीला एक न जुळणाऱ्या. मोडकेपणा थोडा ठरवून आणलेला आहे, पण गाणं अस्सल होतं. भाच्यानं टेबलावर बोटं आपटून मला साचा समजावला. चार मात्रांची बारा आवर्तनं. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, मग तिसरीत उत्तर. दुसऱ्यांदा ओळ का, तर पुढची ओळ सुचायला वेळ मिळतो. जात्यावर बसलेल्या बाईलाही असाच वेळ लागतो, पीठ पडत असतं तोवर. आणि प्रत्येक ओळीनंतर गिटार बोलते, गवई गप्प. बाटलीची मान बोटात घालून तारेवर घसरवली की निघते ती आपली मींड. गंधार आणि निषाद असे मधल्या जागी ठेवायचे, हे त्यांना कुणी ग्रंथात लिहून दिलं नव्हतं.

तिसरा दिवस: हेलेना, हॉप्सन, रेड्स

सकाळी रिव्हरसाइड हॉटेलसमोर गेलो. २०२०च्या वादळात त्याची मोडतोड झाली, त्यामुळे बाहेरूनच. पूर्वी हा काळ्या लोकांचा दवाखाना होता. २६ सप्टेंबर १९३७ला हायवे ६१वरच्या अपघातानंतर गायिका बेसी स्मिथ इथं वारल्या. गोऱ्यांच्या दवाखान्यानं त्यांना दारातून परत पाठवलं, अशी गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली गेली. ती खरी नाही. रुग्णवाहिका सरळ इकडेच आली होती, कारण त्या काळी मिसिसिपीत काळी बाई दुसरीकडे नेण्याचा विचारही कुणी केला नसता. नाकारायला दारापर्यंत जावं तरी लागतं.

मग मिसिसिपी ओलांडून आर्कान्सातल्या हेलेनाला. नदी रुंद, गढूळ, घाईत नसलेली. इथल्या डेल्टा कल्चरल सेंटरमधून 'किंग बिस्किट टाइम' हा रेडिओ कार्यक्रम लागतो. २१ नोव्हेंबर १९४१पासून. भाग अठरा हजारांच्या वर गेलेत. वेळ दुपारी सव्वाबारा. का, तर तेव्हा शेतावरचे लोक जेवायला बसायचे. पिठाच्या कंपनीनं पैसे दिले म्हणून पिठाचंच नाव, आणि गाणारा सनी बॉय विल्यमसन इतका चालला की मक्याच्या पिठाच्या पिशवीवर त्याचंच चित्र छापलं गेलं. काचेपलीकडे निवेदक बसतात आणि आपण अलीकडून बघू शकतो. सव्वाबाराला घंटी वाजली तेव्हा खोलीत आम्ही दोघे आणि एक जर्मन जोडपं, इतकेच होतो. मला विविध भारतीची दुपार आठवली. कामगारांच्या जेवणाच्या सुट्टीत गाणं पोचवायचं, इतका साधा विचार.

परत येताना हॉप्सनचा मळा. आता इथल्या जुन्या झोपड्यांत पर्यटकांना भाड्यानं राहायला देतात. पत्र्याची छपरं तीच, आत एसी. हौशी लोक आनंदानं राहतात. मला नाही जमलं. ज्या घरातून लोक जीव घेऊन निघाले तिथं वीकएंड घालवायचा, हे माझ्या पोटात उतरेना. भाच्याचं म्हणणं वेगळं होतं. "निदान घरं तरी उभी राहिली ना, मावशी." तेही खरंच.

पण मला हॉप्सन बघायचं होतं ते एका तारखेसाठी. २ ऑक्टोबर १९४४. त्या दिवशी इथं आठ लाल यंत्रं रानात उतरली आणि हजारो लोकांसमोर त्यांनी कापूस वेचून दाखवला. मळ्याच्या मालकानं हिशेब लिहून ठेवलाय. हातानं वेचलेल्या गाठीला ३९ डॉलर ४१ सेंट, यंत्रानं ५ डॉलर २६ सेंट. एक यंत्र पन्नास माणसांचं काम करायचं. आपल्याकडे त्या तारखेला चरखा चालतो. इथं त्या दिवशी पन्नास-पन्नास माणसं एकेका यंत्राखाली नाहीशी झाली. हाकललं नाही कुणी, फक्त गरज उरली नाही. १९१०च्या सुमारास सुरू झालेलं उत्तरेकडचं स्थलांतर त्यानंतर पुरासारखं वाढलं. १९७०पर्यंत दक्षिण सोडणारे साठ लाखांच्या घरात होते. पिनेटॉप पर्किन्स हा पियानोवादक या मळ्यावर ट्रॅक्टर चालवायचा. पुढं तो मडी वॉटर्सच्या ताफ्यात दिसतो.

विदर्भात अजून हातानंच वेचतात. किलोमागे मजुरी, संध्याकाळी काट्यावर. माझी आजी म्हणायची, बोंडाला चारही बोटं एकदम लावायची, एका ओढीत सगळ्या पाकळ्या आल्या पाहिजेत, कवडी राहिली तर मजुरी गेली. मला ते कधी जमलं नाही. देठाचा काटा नखात घुसायचा.

रात्री रेड्स लाउंज. सनफ्लॉवर नदीच्या काठाशी, बाहेरून पडकं गोदाम वाटावं असं. जुक जॉइंट म्हणतात ते हे. आत लाल दिवे, बसकं छत, थंड बिअरची पेटी, मंच नाहीच, जमिनीवर एक गालिचा. मालक रेड पेडन २०२३च्या डिसेंबरात गेले. दार उघडं राहिलं. वीस-पंचवीस माणसं. गवई म्हातारा, खुर्चीत बसून, टाचेनं ताल धरून. मध्येच थांबून त्यानं पहिल्या रांगेतल्या बाईला तिच्या नातवाची तब्येत विचारली आणि त्याच ओळीवर परत गेला. टाळ्या कमी, हुंकार जास्त. कुणी तरी "सांग, सांग" अशा अर्थाचं म्हणायचं आणि तो सांगायचा. आपली बैठक अशीच असते. बील स्ट्रीटवर जे शोधत होते ते इथं होतं, मुतारीच्या वासासकट.

एकदाच मी शेजारच्या माणसाला विचारलं की हे गाणं कशाबद्दल आहे. तो म्हणाला, "बाईबद्दल. नाहीतर मालकाबद्दल. म्हणताना बाई म्हणायचं."

चौथा दिवस: टटवायलर, डॉकरी, इंडियानोला

टटवायलरचं स्टेशन आता नाही. १९०३च्या सुमारास हँडी इथं रात्री गाडीची वाट बघत पेंगत होते. जाग आली तेव्हा शेजारी फाटक्या कपड्यांतला एक माणूस तारांवर सुरी फिरवत गात होता. गाण्यात शब्द एवढेच, की जिथं सदर्न आणि डॉग हे दोन रेल्वेमार्ग एकमेकांना छेदतात तिथं मी चाललोय. हँडी शिकलेले, नोटेशन लिहिणारे बँडमास्तर. त्यांनी ते आयुष्यभर लक्षात ठेवलं. त्या गवयाचं नाव मात्र कुणी विचारलं नाही.

गावाबाहेर सनी बॉय विल्यमसनची कबर आहे. लोक दगडावर माउथ ऑर्गन ठेवून जातात. गंजलेले सात-आठ होते.

पार्चमनचा तुरुंग रस्त्यावरून दिसतो. सन हाउस आणि बुका व्हाइट या दोन्ही गवयांनी इथं सक्तमजुरी भोगली. मजुरी म्हणजे अर्थात कापूस. थांबायची मनाई आहे, आणि थांबावंसंही वाटलं नाही.

डॉकरी फार्म्स, १८९५. ब्लूजचं जन्मस्थान म्हणून मिरवतात. अशा दाव्यांवर माझा विश्वास बसत नाही, गाण्याला एक न्हाणीघर नसतं. तरी चार्ली पॅटन इथं वाढला, हाउलिन वुल्फ त्याच्याकडून शिकला, पॉप्स स्टेपल्स याच मळ्यावरचा. जुनं जिनिंग अजून उभं आहे. लाकडी छपराखाली सरकी वेगळी करायची यंत्रं. आत शिरल्यावर तो वास शोधला, रुईचा आणि तेलाचा, आमच्या खामगावच्या जिनांमध्ये यायचा तो. इतक्या वर्षांनी कसला येतोय. पक्ष्यांची घरटी होती.

इंडियानोलात मात्र जिनचंच संग्रहालय झालंय. विटांच्या ज्या जिनमध्ये रायली किंग कामाला होता, त्यालाच लागून २००८मध्ये बी. बी. किंग म्युझियम उभं राहिलं. या सहलीतलं सगळ्यात चांगलं संग्रहालय हेच. कारण इथं माणूस आधी आणि गिटार नंतर. १९४६मध्ये ट्रॅक्टर लावताना तो पुढं सरकला आणि धुराड्याची नळी मोडली. मालकाच्या भीतीनं पोरगा गिटार घेऊन मेम्फिसला पळाला. पुढं परत येऊन त्यानं नुकसान फेडलं. १९५६ या एका वर्षात त्यानं ३४२ ठिकाणी कार्यक्रम केले. हिशेब करा, उरले किती दिवस!

गिटारचं नाव ल्युसिल कसं पडलं तेही इथं सांगतात. १९४९चा हिवाळा, आर्कान्सातलं ट्विस्ट गाव. नाचघरात ऊब म्हणून रॉकेलची शेगडी. दोन पुरुषांची मारामारी झाली, शेगडी कलंडली, आग लागली. किंग बाहेर पळाला आणि गिटारीसाठी परत आत शिरला. मारामारी ज्या बाईवरून झाली तिचं नाव ल्युसिल. परत असला मूर्खपणा करू नये याची आठवण म्हणून त्यानं प्रत्येक गिटारीला तेच नाव दिलं.

१४ मे २०१५ला ते गेले. कबर संग्रहालयाच्या आवारातच आहे. जवळच त्यांनी विकत घेऊन वाचवलेला, १९४८चा क्लब एबनी. जिनपासून कबरीपर्यंत मी पावलं मोजायला लागले आणि मध्येच सोडून दिलं.

पाचवा दिवस: ग्रीनवूड आणि रात्रीची गाडी

रॉबर्ट जॉन्सन १६ ऑगस्ट १९३८ला ग्रीनवूडजवळ वारला. वय सत्तावीस, मुद्रित गाणी एकोणतीस, कबरी तीन. आम्ही लिटल झायन चर्चची एकच पाहिली. पिकानच्या झाडाखाली, नाणी आणि व्हिस्कीच्या छोट्या बाटल्यांसह.

त्याच रस्त्यानं पुढं मनी नावाची वस्ती. नावाचा विनोद करायला कुणी धजत नाही. इथल्या वाण्याच्या दुकानाच्या भिंती आता वेलींनी धरून ठेवल्यात. १९५५च्या ऑगस्टमध्ये शिकागोहून नातेवाइकांकडे आलेला एमेट टिल हा चौदा वर्षांचा मुलगा या दुकानात शिरला. गोऱ्या बाईशी आगाऊपणा केला असा ठपका ठेवून त्याला रात्री उचलून नेलं आणि मारलं. आरोपींना गोऱ्या ज्यूरीनं सोडून दिलं. पोरगा आला होता इलिनॉय सेंट्रलच्या गाडीनं, आणि पेटीतून परत गेला तोही गाडीनंच. आईनं पेटीचं झाकण उघडं ठेवायला लावलं.

भाचा गाडीत बसून राहिला. नंतर बराच वेळ त्यानं गाणं लावलं नाही.

मेम्फिसला गाडी परत करून रात्री पावणेअकराच्या सुमाराची 'सिटी ऑफ न्यू ऑर्लीन्स' पकडली. मडी वॉटर्स ज्या दिशेनं गेला तीच दिशा. त्या लोकांजवळ पुठ्ठ्याच्या बॅगा आणि डब्यात तळलेली कोंबडी असायची, कारण वाटेत काळ्यांना जेवण मिळेलच याचा भरवसा नसे. माझ्या पिशवीत चिवडा होता. खिडकीबाहेर काळोख. झोप लागली नाही, पण त्याचं कारण इतिहास नव्हे. मागच्या सीटवरचा माणूस भयंकर घोरत होता.

सहावा दिवस: शिकागो

सकाळी नऊच्या पुढं उतरलो. थंडी. रविवार असल्यामुळे २१२० साउथ मिशिगन अव्हेन्यू बंद. १९५७पासून दहा वर्षं इथं चेस रेकॉर्ड्स ही तबकड्यांची कंपनी होती. पोलंडहून आलेल्या चेस भावांची, आणि गाणारे बरेचसे आपण चार दिवस बघत होतो त्या मळ्यांवरून आलेले. मडी वॉटर्स, हाउलिन वुल्फ. शेतावर पुरणारी साधी गिटार इथल्या गजबजलेल्या दारूच्या अड्ड्यांत कुणाला ऐकू जाईना, म्हणून विजेची घेतली. आता वास्तू चेसचे गीतकार विली डिक्सन यांच्या ब्लूज हेवन फाउंडेशनकडे आहे. अरुंद, दोन मजली, दोन दुकानांच्या मध्ये सहज चुकेल अशी. शेजारी छोटी बाग. जाळीतून बघितलं, फोटो काढला.

रात्री बडी गाय यांचा लेजंड्स हा क्लब. १९८९ सालचा. भिंतीवर गिटारींची रांग, खायला लुइझियानाचं जेवण, कारण ते तिथले. बटईदाराचा मुलगा, लहानपणी कापूस वेचलेला. २५ सप्टेंबर १९५७ला शिकागोत उतरले ती तारीख ते विसरत नाहीत. स्वतः वाजवतात ते जानेवारीत. त्या रात्री दुसराच ताफा होता, तरुण, कानठळ्या बसवणारा, चांगला.

आमच्या टेबलाला खुर्ची लागून ऐंशीच्या घरातल्या एक आजी बसल्या होत्या, मुलगी आणि जावयाबरोबर. कुठून आलात, विचारलं. मी इंडिया म्हटलं, मग डेल्टातून, मग पर्समध्ये हात घातला आणि बोंड टेबलावर ठेवलं. ठेवल्यावर कळलं की चुकलं. मुलीचा चेहरा आवळला. भाच्यानं टेबलाखालून पाय दाबला. मी उचलणार तेवढ्यात आजींनी ते स्वतःकडे ओढलं.

"कुठलं?" त्यांनी विचारलं.

"क्लार्क्सडेलच्या अलीकडचं. माझ्या आईकडं कापूसच पिकतो," मी म्हटलं.

त्यांनी बोंड डाव्या हातात धरलं, उजवी चार बोटं लावली आणि एक ओढ घेतली. पाचही पाकळ्या एकदम आल्या. बोंडात कवडी राहिली नाही, बोटाला काटा लागला नाही. रिकामं बोंड त्यांनी माझ्या बाजूला सरकवलं, कापूस कागदी रुमालात गुंडाळला, आणि खुर्ची मंचाकडे वळवून बसल्या.